राक्षसाला परत झोपवा

‘सहकुटुंब धमाल’ अशी पाटी दिसली की माझं डोकं आधीच तापायला लागतं. रांगेत ताटकळायचं, ते सांगतील तिथे बसायचं, ते सांगतील तेव्हा टाळ्या वाजवायच्या, आणि याला म्हणे धमाल. तरी गेले. भाचीसाठी गेले.

सुट्टीला शहरात आलो होतो आम्ही चौघं: माझी ताई, भावजी, त्यांची आठ वर्षांची भिंगरी आणि मी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. पाय सुसाट, पण जीभ अडखळते. पहिला शब्द तोंडात अडून बसतो आणि तो सुटेपर्यंत समोरच्याने थांबायचं असतं. बस, एवढंच करायचं असतं. पण आमच्या घरात थांबणार कोण? भावजी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करतात. दोन शब्दांमधली शांतता त्यांना गाडी चुकल्यासारखी वाटते. मी बसमध्ये कंडक्टर आहे, माझ्या आवाजाने शेवटच्या सीटवर झोपलेला माणूसही खडबडून उठतो. ताईला आमच्या दोघांत बोलायला जागाच मिळत नाही.

सकाळी प्राणिसंग्रहालयाच्या दारात आइस्क्रीमची गाडी होती. भिंगरीने “च्... च्...” सुरू केलं, तोवर भावजींनी चॉकलेटचं मागवूनही टाकलं. पोरीने मुकाट्याने खाल्लं. माकडांच्या पिंजऱ्यापाशी मला हळूच म्हणाली, तिला चेरीचं हवं होतं. मी भावजींना तिथल्या तिथे फैलावर घेतलं.

“पोरीला तोंड दिलंय ना देवाने? मग तिचं तिला मागू द्या की!”

“अगं, मागे केवढी रांग होती,” भावजी म्हणाले.

रांग! रांगेतले लोक काय उपाशी मरत होते?

दुपारी बाहुल्यांच्या नाटकाला गेलो. भिंगरीचा सगळा जीव याच नाटकात अडकला होता. त्यात एक झोपलेला राक्षस असतो, आणि प्रेक्षकांतलं एक मूल स्टेजवर जाऊन त्याला उठवतं. आपलाच नंबर लागणार, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. आदल्या दिवसापासून हॉटेलच्या आरशासमोर तिची तालीम चालली होती: “राक्षसा, ऊठ, सकाळ झाली.” दार लावून घ्यायची आणि कुणाला आत येऊ द्यायची नाही.

आणि खरंच तिच्या खुर्चीचा नंबर पुकारला गेला. ती अशी धावली की ताईच्या मांडीवरची पर्स खाली पडली.

स्टेजवर चमचमता कोट घातलेला सूत्रधार होता. त्याने माइक तिच्या तोंडापुढे धरला. मागे खोलीएवढा राक्षस पोट वरखाली करत पडला होता.

“रा...” भिंगरी म्हणाली. “रा... रा...”

“अरे वा!” सूत्रधार हसला. “ही तर राक्षसासोबत घोरायलाच लागली!”

सगळं थिएटर हसलं. माझी कानशिलं गरम झाली. तिचा ‘क्ष’ सुटण्याच्या बेतात होता, मला तिच्या मानेवरून कळत होतं. तेवढ्यात त्या शहाण्याने माइक काढून पहिल्या रांगेतल्या एका मुलापुढे धरला. तो एका दमात सगळं म्हणून मोकळा झाला. राक्षसाने डोळा उघडला, टाळ्या पडल्या. भिंगरी तिथेच उभी होती, तोंड अजून अर्धवट उघडं.

मी उठले.

“अहो! ती बोलत होती!”

“बाई, खाली बसा,” सूत्रधार म्हणाला. “वेळ होतोय. मुलांचा हिरमोड होईल.”

“मग ती कोण आहे, तुमची आजी? तिचा हिरमोड झालेला चालतो? राक्षसाला परत झोपवा!”

“असं कसं झोपवणार, तो उठला आता.”

“लाकडाचाच आहे ना? झोपवा म्हणते ना!”

मागून कुणाची तरी आई ओरडली, “झोपवा हो त्याला!” मग आणखी दोघीतिघी ओरडल्या. पडद्याआड कुजबूज झाली, दोऱ्या करकरल्या आणि राक्षस पुन्हा आडवा झाला. सूत्रधाराने चेहरा पाडून माइक तिच्या हातात दिला.

“रा...” भिंगरीने सुरुवात केली. “रा...”

थिएटर गप्प होतं. शेजारी भावजींची चुळबूळ चालली होती, त्यांचे ओठ हलायला लागले होते. मी त्यांचा गुडघा दाबून धरला. आणि मीच, एवढा तमाशा करून पोरीला माइक मिळवून देणारी मी, बसमधल्या आवाजात ओरडले, “हं, बोल, बोल! राक्षसा, ऊठ...”

भिंगरीने माइक खाली केला. आमच्याकडे बघितलं. असा संतापलेला चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. मग माइक पुन्हा तोंडाशी नेला.

“मा-मावशी, बाबा. तु-तुम्ही दोघं ग-गप्प बसा.”

हे सगळ्या थिएटरने ऐकलं. ताईने तर पहिल्यांदाच आमच्याकडे वळून म्हटलं, “ऐकलंत?” मी गप्प बसले. फार जड गेलं. तिचा एकेक शब्द अडत होता, आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडात तो तयार होता, आणि मी तो गिळत होते.

“रा-राक्षसा, ऊ... ऊठ. स-सकाळ झाली.”

राक्षस उठला. टाळ्या झाल्या. सूत्रधाराने “शाब्बास!” म्हणत माइकसाठी हात पुढे केला. भिंगरीने माइक पाठीमागे लपवला.

“अजून आ-आहे माझं,” ती म्हणाली, आणि राक्षसाकडे वळली. “दा-दात घास आधी.”

थिएटर हसलं. हसू थांबेपर्यंत ती थांबली, आणि मग सावकाश पुढचं सांगायला लागली.