जावईबापूंची चपळ साइट

साहेबांचे जावई आमच्या ऑफिसात आले आणि म्हणाले, "दुकानाची साइट अजून पीएचपीसारख्या जुन्या भाषेत? फेकून द्या, नव्या चपळ नोडमध्ये लिहू." ती साइट मी आणि टेस्टरताई सांभाळतो. ती गेली की आमच्या हाती नारळ.

त्यांची साइट तयार झाली. साहेबांना दाखवायच्या आदल्या दिवशी तालीम म्हणून दोन्ही साइट शेजारी शेजारी उघडल्या. जावईबापूंची मालाची यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत आली. आमची रांगत आली.

"बघितलंत काका?" जावईबापू मला म्हणाले.

बघितलं, पण मला वास आला. नोड चपळ असेल, पण मालाची माहिती जिथून येते तो डेटाबेस दोघांचा एकच आणि तो म्हातारा. तो उत्तर देईपर्यंत कुणालाही थांबावंच लागतं. मग हा गडी थांबत कसा नाही?

"ताई, यांनी डेटाबेसला विचारलंच नसेल तर?"

"काका, तुमचे डोळे चमकले की मला धडकी भरते."

दुसऱ्या दिवशी साहेब बघायला बसायच्या आधी मी डेटाबेसात पहिल्या साबणाचं नाव बदललं. आमच्या पानावर रांगत रांगत उमटलं, 'जावईछाप साबण'. साहेब खो खो हसले. जावईबापूंच्या पानावर मात्र जुनंच नाव.

"रिफ्रेश करा की," मी साळसूदपणे म्हटलं.

त्यांनी केलं, पुन्हा केलं. साबण ढिम्म.

साहेबांचं हसू मावळलं. "हे पान आहे की फोटो?"

"वेग दिसावा म्हणून... आधीच बनवून ठेवलं होतं."

"पीएचपीच राहू दे," साहेब म्हणाले आणि फोनवर आलेल्या ऑर्डरी बघत माझ्याकडे वळले. "काका, ते नाव आत्ता बदला. गिऱ्हाइकं तोच साबण मागवायला लागलीत."