रंगमास्तरांचे रंग

चित्र पुरं झालं की रंगमास्तर ते भिंतीकडे तोंड करून उभं करायचे आणि पंधरवडाभर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. "मुरू द्या," म्हणायचे. "घाईघाईने सही ठोकायची नसते. चित्राला जरा एकटं सोडलं की काय कमी आहे ते त्याचं त्यालाच कळतं." शाळेत ते मुलांना पेन्सिल धरायला शिकवत, तिथेही हाच मंत्र. मग एक दिवस चित्र सरळ करायचं, मागे सरून बघायचं, मान डोलवायची आणि कोपऱ्यात सही करायची. सही होईपर्यंत चित्रांच्या खोलीत बायकोखेरीज कोणाला पाऊल टाकायची सोय नव्हती. ती झाडलोट करायची, ब्रश धुवायची, रंगांच्या ट्यूबा ओळीने लावून ठेवायची.

मास्तरांचं नाव होतं ते रंगांसाठी. चित्रं काढणारे त्या भागात आणखीही होते, आणि काहींचा हात मास्तरांपेक्षा सफाईदार होता. पण रंग बघावा तर मास्तरांचा, असं जो तो म्हणायचा. लोकांनी एवढं हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यावर माणूस आपणहून कशाला उतरेल? मास्तर वर ऐसपैस बसले होते. दुसऱ्याचं चित्र बघितलं की नाक मुरडून म्हणत, "रेघ बरी आहे हो, पण रंगाची नजर नाही." लहानपणी झाडाची पानं तांबडी रंगवली म्हणून त्यांनी वर्गात छडी खाल्ली होती. तीसुद्धा ते मिरवायचे. बघा म्हणे, आमची नजर तेव्हापासूनच वेगळी!

तर त्या वर्षी एक मोठं प्रदर्शन भरायचं ठरलं: आपल्या भागातले चित्रकार आणि त्यांच्या प्रेरणा. प्रत्येक चित्रकाराने आपल्या चित्रांपाशी उभं राहून, हे सुचलं कुठून ते लोकांना सांगायचं. ज्यांच्या घरी मास्तरांची चित्रं होती त्यांनाही ती घेऊन या म्हणून निरोप गेले. मास्तरांनी भाषण आरशासमोर घोटून घोटून पाठ केलं. "कोणी मला विचारतात, तुमची प्रेरणा कोणती? मी सांगतो, माझे हे दोन डोळे." हे वाक्य बायकोने भाजी चिरता चिरता इतक्यांदा ऐकलं होतं की तिलाही ते पाठ झालं असणार. एरवी नवऱ्याच्या प्रत्येक गोष्टीवर टोमणा तयार ठेवणारी ती बाई ह्या वाक्यावर मात्र कधी काही बोलली नाही.

चित्रं टांगायच्या दिवशी सभागृहात ही धांदल होती. शिड्या, खिळे, सुतळीची रिळं, ओल्या चुन्याचा वास. मास्तर एका लाकडी आडोशामागे आपल्या टेकडीच्या चित्राची दोरी नीट करत होते, बायको बाहेर चित्रांवरची धूळ पुसत होती. तेवढ्यात त्यांचा मेहुणा आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कापड रंगवणारा. बायकोच्या माहेरचा धंदाच तो, पिढ्यान्‌पिढ्यांचा. लग्नाआधी तीही दुकानात बसून गिऱ्हाइकाच्या कापडाला जुळता रंग लावून द्यायची. मेहुण्याच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं एक चित्र होतं. आडोशामागचे मास्तर त्याला दिसले नाहीत, पण मास्तरांना त्याचा आवाज ऐकू आला आणि ते गालातल्या गालात हसले. कोणतं चित्र आणलंय ते त्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्यांदा राहायला गेले होते, तेव्हा अंगणात बायकोला झाडाखाली बसवून त्यांनी ते काढलं होतं. तिथल्या तिथे सही करून ते मेहुण्याच्या हातात दिलं होतं. तरुण वय होतं. मुरू देण्याइतका धीर कोणाला होता?

चादर सुटली. मग प्रदर्शनाच्या व्यवस्थापक बाईंचा आवाज आला. "हे कोणाचं आहे?"

"दाजींचं," मेहुणा म्हणाला. "ताईला समोर बसवून काढलंय. बघा की, सही आहे."

"सही कोणीही करतं हो. तुम्हाला कोणीतरी फसवलंय. सरांचे रंग असे असतील का?" बाई वळून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीच सांगा. हे सरांचं आहे?"

मास्तर हसत हसत बाहेर यायला निघाले होते. बायकोचं उत्तर कानावर पडलं आणि पाय जागीच थांबला.

"नाही," ती म्हणाली. "हे त्यांचं नाही."

स्पष्ट, न अडखळता. स्वतःचा चेहरा समोर असताना, स्वतः तीन दिवस त्या झाडाखाली पाठ अवघडेपर्यंत बसलेली असताना. मास्तरांना कोणीतरी भर रस्त्यात थोबाडीत मारावी तसं झालं. ते आडोशामागून बाहेर आले. बायकोने त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"माझंच आहे ते," मास्तर म्हणाले. "हिला आठवत नसेल."

बाई हसल्या. "सर, थट्टा करताय. अहो, चेहरा बघा ना, शेवाळासारखा हिरवागार आहे. आणि मागचं झाड बघा. खोड हिरवं आणि पानं तांबडी! हे तुमचं म्हणायचं?"

मास्तरांनी चित्राकडे बघितलं. त्यांना चेहरा दिसला. चेहऱ्याच्याच रंगाचा. झाड झाडाच्या रंगाचं. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या आपल्या बाकीच्या चित्रांकडे बघितलं. तिथेही तसेच चेहरे होते, तशीच झाडं होती. परत ह्या चित्राकडे बघितलं. फरक सापडेना. आजूबाजूची चारपाच माणसं मात्र दोन्हींकडे बघून असं हसत होती की फरक लहान मुलालाही कळावा.  मास्तरांनी बायकोला दंडाला धरलं आणि मागच्या अडगळीच्या खोलीत नेलं. मेहुणा चित्र घेऊन पाठोपाठ आला.

खोलीत रिकामी खोकी आणि एक मोडकं टेबल होतं. मास्तरांनी दार लोटलं.

"बोल."

"काय बोलू?"

"ह्याच्यात आणि बाहेरच्या चित्रांत फरक काय आहे?"

 ती खाली बघूनच म्हणाली, "तुम्हाला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नाही हो. हे चित्र काढलंत तेव्हा कळलं मला. घरातले सगळे आत जाऊन हसले. जावई म्हणून तोंडावर कोणी बोललं नाही. मी रात्रभर रडले."

"मग?"

"मग आपल्या घरी आल्यावर तुम्ही पहिलं चित्र काढलंत आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलंत. तुम्ही शाळेत गेलात की खोली मोकळीच असायची." तिने हात एकमेकांत गुंतवले. "ट्यूबांवरची नावं वाचून तुमचं भागायचं. पण रंगांच्या पाटीवर ते कालवलेत की घोटाळा व्हायचा. मी फक्त तेवढं सारखं करायची. रेघेला कधी हात लावला नाही, देवाशपथ. सावल्यांनाही नाही."

"सगळ्या चित्रांत?"

"सगळ्या."

"आणि मला कधी कळलं कसं नाही?"

ह्या प्रश्नाला तिने मान वर केली, आणि तिच्या आवाजात नकळत एक अभिमान आला. कारागिराला आपलं काम सांगताना येतो तो. "फिकट-गडद अगदी तुमच्याइतकंच ठेवायची मी. तसूभर इकडेतिकडे नाही. दुकानात तेच तर शिकले होते. बाकी सगळ्यांना दिसेल, पण तुम्हाला दिसणार नाही, असा रंग लावायची."

तोपर्यंत मास्तर कसेबसे उभे होते. हे ऐकल्यावर खोक्यावर बसले. इतकी वर्षं बायको रोज समोर बसून जेवली होती, त्यांच्या आजारपणात उशाशी जागली होती, आणि ह्याच हातांनी तिने अख्ख्या जगाला कळेल पण त्यांना एकट्याला कळणार नाही असं काहीतरी त्यांच्याच चित्रांवर लिंपलं होतं. दोन पावलं मागे सरून ते मान डोलवत होते, 'वा, मुरलं' म्हणत होते, तेव्हा ती दारात ब्रश पुसत उभी असायची. शत्रूनेसुद्धा इतक्या सफाईने केसाने गळा कापला नसता.

"लोक हसले असते हो तुम्हाला," ती म्हणाली. "मला बघवलं नसतं."

"हसू द्यायचं होतंस!" मास्तर ओरडले. "हसले असते, मी चार दिवस तोंड लपवून बसलो असतो, आणि मग काळ्या शाईत चित्रं काढली असती. माझा हात चांगला आहे ना? तूच म्हणतेस ना, रेघेला हात लावला नाहीस? नाव झालं नसतं माझं. पण जे काही झालं असतं ते माझं असतं. आता माझं काय आहे ते सांग! मी मिशीवर ताव देत हिंडलो ते तुझ्या रंगांवर. दुसऱ्यांना म्हणायचो, तुम्हाला रंगाची नजर नाही. मी म्हणायचो! आणि तू आत भाजी चिरत ऐकत बसायचीस."

ती रडायला लागली. मास्तर मेहुण्याकडे वळले. "आणि तुला? तुला माहीत होतं?"

"आम्ही रंगारी, दाजी," मेहुणा हळूच म्हणाला. "चित्र माझ्या हातात दिलंत तेव्हापासून माहीत होतं म्हणा ना."

"मग मूग गिळून का बसलास? आणि भिंतीवर कशाला लावलंस इतकी वर्षं? पाहुण्यांना गंमत दाखवायला?"

"ताई ह्याच्यात दिसते तशी दुसऱ्या कशात दिसत नाही म्हणून. बाकीचं मला काही कळत नाही. हिरवी तर हिरवी."

मास्तर उठले, मेहुण्याच्या हातातलं चित्र घेतलं आणि सरळ व्यवस्थापक बाईंपुढे जाऊन उभे राहिले.

"हे लावा. हे माझं आहे. बाकीच्या चित्रांतली रेघ माझी आहे, रंग माझे नाहीत. माझ्या बायकोचे आहेत. चित्रांखालच्या चिठ्ठ्यांवर तसं लिहा."

बाईंनी हातोडी खाली ठेवली. आधी मास्तरांकडे, मग त्यांच्यामागे डोळे पुसत आलेल्या बायकोकडे बघितलं. "सर, सकाळपासून काही खाल्लं नाहीत का तुम्ही? वहिनी, काय म्हणतात हे?"

खोटं तर खोटं, खरं तर खरं, एक शब्द पुरला असता. बायको जमिनीकडे बघत उभी राहिली.

"असं होतं मोठ्या कलावंतांचं," बाई समजुतीने म्हणाल्या. "मन हळवं असतं. घरी जाऊन पडा जरा. संध्याकाळी भाषण आहे तुमचं." आणि त्यांनी टेकडीचं चित्र आणखी थोडं वर चढवायला सांगितलं.

मास्तरांनी वाद घातला नाही. ते चित्र घेऊन बाहेर पडले. बाहेर लख्ख ऊन होतं. मेहुण्याचा कापड वाहायचा टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा होता. मास्तरांनी चित्र टेम्पोच्या फळीला टेकवून ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. रेघ खरोखरच चांगली होती. मान जराशी कललेली, आता हसेल की मग हसेल अशी. पंचविशीतल्या पोराने जीव ओतला होता. राग ओसरला नव्हता, पण त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी हाताला लागत होतं. चित्रं काढल्याशिवाय त्यांना जगता येणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. आणि रंग सोडायचेही जिवावर येत होतं.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. "माझं चुकलं," ती म्हणाली. "आता कध्धी हात लावणार नाही."

"लाव," मास्तर म्हणाले. तिने चमकून बघितलं. "लाव, पण माझ्यासमोर. मी काढीन, तू शेजारी बस. हा तांबडा, हा हिरवा, इथे चुकलात, इथे बरोबर, सगळं तोंडावर सांगायचं. खाली सही दोघांची. मला लाज वाटेल, वाटू दे. मला फक्त खरं सांगणारं माणूस पाहिजे. जमेल?"

"जमेल," ती घाईघाईने म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. "का नाही जमणार? जमेल."

"मग इथूनच सुरुवात कर." त्यांनी चित्राकडे बोट केलं. "उन्हात नीट बघ आणि सांग. तुझा चेहरा कसा झालाय?"

ती वाकली. कपाळावर हात धरून तिने स्वतःचा तो तरुण चेहरा बघितला, मग नवऱ्याचा चेहरा बघितला. मेहुणा टेम्पोच्या चाकाकडे बघत होता.

"चांगला झालाय हो," ती मायेने म्हणाली. "त्या बाईंना काय कळतंय? अगदी माझ्यासारखा झालाय."

मास्तरांनी मान हलवली. मग चादर उचलून ते चित्र स्वतःच्या हातांनी बांधायला लागले.