शिट्टीवाला पहिला डाव जिंकला

मी एक प्यादं बोलतोय. पांढऱ्या राजाशेजारी जो उंट बसतो, त्याच्या पुढ्यातलं. पटावर माझ्याइतकी कच्ची जागा दुसरी नाही. इतर प्याद्यांच्या पाठीशी हत्ती, वजीर, कुणी ना कुणी असतं. डाव सुरू होताना माझ्या पाठीशी एकटा राजा, आणि तो स्वतःच दुसऱ्यांच्या जिवावर जगणारा.

माझा जन्म याच कारखान्यात, सुतारखात्यात झाला. कुठलंसं मशीन ज्या खोक्यातून आलं, त्याच्या फळ्यांतून आम्हा बत्तीस जणांना कातून काढलं. मग घोड्याच्या पुढ्यातला माझा शेजारी हरवला, तेव्हा त्याच्या जागी लोखंडी नट बसवला. दिसायला ओबडधोबड आहे, पण धक्का लागला तरी पडत नाही. मला त्याचा हेवा वाटतो.

आमचे मालक उस्ताद. मोठ्या शेडमध्ये छताखाली रुळांवर क्रेन फिरते, ती अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हातात आहे. पाच टनांचा साचा ते झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा खाली ठेवत. जेवणाच्या सुट्टीत शिडी उतरून येत, डबा संपवत आणि पट मांडत. हरणं त्यांना ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी शिट्टीवाला त्यांच्यासमोर येऊन बसला. क्रेनच्या हुकाला ओझं अडकवायचं आणि गळ्यातल्या शिट्टीनं वर इशारा द्यायचा, हे त्याचं काम. एक शिट्टी म्हणजे उचला, दोन म्हणजे थांबा.

"उस्ताद, मला शिकवा," तो म्हणाला. "घरी नात रोज हरवते. आजोबांची काही पत राहिली नाही."

उस्तादांनी त्याला पांढरी बाजू दिली. "आधी राजापुढचं प्यादं दोन घरं. मग घोडा, मग उंट, मग राजाला कोपऱ्यात नेऊन बंदोबस्तात बसव. वजिराला लगेच उंडारायला पाठवू नकोस. एकच मोहरा सारखा नाचवू नकोस. आणि याला," मला बोटानं दाबत ते म्हणाले, "हात लावलास तर डबा उचलून चालू लाग."

का, तेही त्यांनी दाखवलं. मला एक घर सरकवलं, नटाला दोन घरं. मधे आपल्या राजापुढचं प्यादं काढून वाट मोकळी केली. मग त्यांचा काळा वजीर तिरका धावत आला आणि आमच्या राजाला पळायला जागाच उरली नाही. दुसऱ्याच चालीत खेळ खलास. शिट्टीवाल्यानं जीभ चावली.

माणसांचं मला नवल वाटतं. सांगितलेलं सगळं कळतं, मान डोलते, पण हात आपलंच खरं करतो. सहा महिने तो बिचारा त्याच त्याच चुका करत हरला. घोडा फुकट घालवी, वजीर अडकवून घेई, राजाला मधोमध उघडा ठेवी. तरी रोज हौसेनं यायचा.

मग एके दिवशी तो जिंकला.

मला तो डाव आठवतो. उस्तादांनी तिसऱ्याच चालीला वजीर मैदानात काढला. एकच घोडा तीनदा नाचवला. वजीर आमच्या उंटाच्या तोंडी दिला, आणि गेला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडली नाही. शिट्टीवाल्यानं अख्ख्या शेडला चहा पाजला. "ओपनिंग बसली हो हाताला!" तो सांगत सुटला. मी पटावर होतो, मला ठाऊक होतं. त्याचं काही बसलं नव्हतं, उस्तादांचं सुटत चाललं होतं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

तो आठवडाभर जिंकत राहिला. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन शिट्ट्या वाजल्या आणि क्रेन थांबली नाही. पुन्हा दोन वाजल्या, मग थांबली. साचा एका माणसाच्या डोक्यावर वीतभर अंतरावर लोंबत होता. सगळे हसण्यावारी नेऊन मोकळे झाले. शिट्टीवाला हसला नाही.

आज डबा संपताच त्यानंच पट मांडला. पहिल्याच चालीला त्याची बोटं माझ्यावर आली. त्यानं मला एक घर पुढं सरकवलं. डबा उचलायला सांगणं उस्तादांना सुचलं नाही. त्यांनी राजापुढचं प्यादं काढलं. मग शिट्टीवाल्यानं नट दोन घरं ढकलला आणि हात मागे घेतला. काळ्या वजिराची वाट सताड उघडी होती. मला आमच्या हरण्याची एवढी आस कधीच लागली नव्हती.

उस्ताद बराच वेळ पटाकडे बघत राहिले. "तुझी चाल ना?"

"नाही उस्ताद. तुमची."

त्यांनी कोपऱ्यातलं प्यादं एक घर सरकवलं.

"आज वर जाऊ नका," शिट्टीवाला हलकेच म्हणाला. "बदली माणूस बघू."

"चार डाव जिंकलास आणि मला घरी बसवतोस होय रे?" उस्ताद हसले आणि शिडीकडे निघाले.

समोरच साहेबांची केबिन होती. शिट्टीवाल्यानं तिकडे पाहिलं, दोन पावलंही टाकली, मग परत आला. आम्हाला डब्यात भरताना स्वतःशीच पुटपुटला, "बावीस वर्षं यांच्या हुकाखाली उभा आहे. केसाला धक्का लागू दिला नाही यांनी. मी जाऊन चुगली करू?"

मग हुकाखाली त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दोघांना त्यानं ओरडून सांगितलं, "तुम्ही पलीकडच्या शेडला जा. आज इथं मी एकटा पुरे."

याला तो मैत्री समजतो. मी जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या पुढ्यात उभा राहून मेलो आहे, म्हणून सांगतो, ही मैत्री नव्हे. उस्तादांच्या हातून काही घडलं, तर उरलेलं आयुष्य ते कसं काढतील, याचा त्यानं विचारच केलेला नाही.

डब्याचं झाकण लागलंय. वर क्रेनची घरघर सुरू झालीय. एक शिट्टी वाजली. हे वाचणारं कुणी जवळपास असेल तर आधी केबिनमध्ये जा. खालच्याला बाजूला घ्या, वरच्याला हात धरून उतरवा. त्यांना राग येईल, येऊ द्या.

आता दोन शिट्ट्या वाजल्या. घरघर अजून चालूच आहे.