नीलकंठी

शरदाचे सुवर्णस्निग्ध ऊन वेंगुर्ल्यावर उतरले होते. माडांच्या झावळ्यांतून ते झिरपत होते, कौलांवरून ओघळत होते, बंदराच्या निश्चल पाण्यावर अलगद पहुडत होते.

त्या उन्हात, वाचनालयाच्या छोट्या सभागृहात, शरयू दांडेकर आपले प्रदर्शन मांडून बसली होती. वय त्रेसष्ट. प्रदर्शन पहिलेच.

तीस वर्षे तिने मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतरांचे परदेशचे फोन जोडले. समरकंद, माराकेश, कुस्को! नावे ओठांवर येत. नगरे दूरच राहत. निवृत्त झाली, आणि एक पिशवी खांद्याला लावून ती त्या नावांमागे निघाली.

निळे घुमट तिने डोळे भरून प्याले. गेरूलाल भिंतींना हात लावून पाहिला. परतली ती रंगधुंद होऊन. गुरू नव्हता, शाळा नव्हती. बोटे चुकत गेली, बोटे शिकत गेली. कॅनव्हासवर घुमट उगवले. तांब्याच्या तारेत मणी फुलले.

सकाळी चित्रकलेचे एक वृद्ध शिक्षक येऊन गेले.

"कुठं शिकलात?"

"कुठंच नाही."

"वाटलंच," म्हणाले, आणि जिना उतरले.

मग कुणीच आले नाही. दुपार रिकामी, खुर्च्या रिकाम्या. शरयूचे मन कमळासारखे मिटत गेले. तिने दागिन्यांवर चादर ओढायला घेतली.

तेवढ्यात दारात मासळीवाली सुभद्रा गिरप उभी राहिली. टोपली पायरीवर ठेवून, ओले हात लुगड्याला पुसत ती आत आली. निळ्या चित्रासमोर थबकली.

"ह्यो खंयचो दर्या गो, बाय?"

"दर्या नव्हे. समरकंदचे घुमट आहेत."

"असांदे. पण निळो आमचोच!"

शरयू खुदकन हसली. सुभद्राची नजर मात्र आता शेजारच्या निळ्या मण्यांच्या कंठ्यावर होती. हात पुढे झाला, अर्ध्यात थांबला. नवरा जाऊन अकरा वर्षे झाली होती; अकरा वर्षे तो गळा उघडा होता.

"माका चलात?" तिने हळूच विचारले.

शरयू उठून तिच्या मागे उभी राहिली. तिने कंठा तिच्या गळ्यात बांधला. आरशात सुभद्रा स्वतःकडे पाहत राहिली. आधी डोळे भरले. मग हसू फुटले, खळखळते, निर्झरासारखे.

सुभद्रा कंठा मिरवत बाजारात गेली, आणि अर्ध्या तासात जिना दणाणला. "माका तांबडो!" "माका ह्यो हिरवो!" मासळीबाजारातल्या साऱ्या जणी आल्या होत्या. शरयू गाठी बांधत होती, हसत होती, पुन्हा बांधत होती.

सांजावताना ती बाजारातून घरी निघाली. बांगडा मासळीच्या रुपेरी राशीमागे सुभद्रा बसली होती, पदर मागे टाकून, मान उंच करून, गिऱ्हाइकांना खणखणीत हाका घालीत. आणि हाकेहाकेसरशी तिच्या गळ्यातले निळे मणी थरारत होते, थरारत होते, लखलखत होते.