डावं पारडं

ताजवा सिंगापूरमधल्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये आला त्या दिवसापासून त्याचं डावं पारडं खालीच होतं. पारड्यात काही असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पारडं रिकामं होतं.

संग्राम शिर्के मूळचा बोटीवरचा इंजिनिअर, आता हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात खुर्चीवर बसलेला. यंत्र बिघडलं की ते दुरुस्त करायचं, घाबरायचं नाही, अशी त्याची शिस्त. त्यानं स्क्रू फिरवले, साखळ्या पुसल्या, टेबल सपाट आहे का ते मोजलं, पंखाही बंद ठेवला. दोन्ही पारडी सारखी करून तो झोपायचा आणि सकाळी चहाचा कप घेऊन यायचा, तर डावं पारडं पुन्हा टेबलाला टेकलेलं. जवळ गेलं की बंदुकीच्या तेलाचा वास यायचा. बायकोला, मधुराला, तो येत नव्हता, म्हणून त्यानं तो विषय घरात काढणं सोडून दिलं.

ताजवा आबांचा. आबा म्हणजे त्याचे वडील मनोहरराव. कोल्हापूरजवळच्या गावात त्यांच्याकडे परवान्याची रायफल होती. शिकार बंद झाली तरी माळावर निशाण लावून नेम धरायचा नाद काही सुटला नाही, आणि त्याहून मोठा नाद काडतुसं हातानं भरायचा. झाडलेली पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, याच ताजव्यात दारू तोलायची, वर गोळी दाबायची. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. आई समोर बसून गोळ्या हातात द्यायची. आबांचा एक नियम होता: टोपीवर ठोका पडलाय पण गोळी जागेवर आहे, असं काडतूस दिसलं की ते न उडालेलं समजायचं. त्याच्याइतकं बेभरवशाचं जगात काही नाही.

गेल्या वर्षी आबा गेले तेव्हा संग्राम ब्राझीलच्या वाटेवर, भर समुद्रात होता. चुलतभावानं अग्नी दिला. ते शल्य त्याला वर्षभर खात होतं. मग आईनं ताजव्याची पेटी सौमित्र नावाच्या त्याच्या बोटीवरच्या मित्राबरोबर धाडली. निरोप एवढाच: खंडेनवमीला पूजेत ठेव, आणि मग मला फोन कर.

खंडेनवमीच्या सकाळी त्यानं रजा घेतली. घरात शस्त्र कुठलं असणार? सिंगापुरात एक काडतूस सापडलं तरी तुरुंगाची हवा. म्हणून पाटावर नटबोल्टचे पाने, स्क्रूड्रायव्हर, मधुराची सुरी, लेकीचा, गार्गीचा कंपास आणि मधोमध ताजवा. झेंडूची फुलं टेक्का बाजारातून आणली होती. हळदकुंकू वाहताना त्यानं दोन्ही पारडी सारखी केली. तिघांच्या डोळ्यांदेखत डावं पारडं हळूहळू खाली गेलं, कुणीतरी सावकाश बसावं तसं.

"बाबा, दॅट साइड ऑल्वेज हेवी, लाह," गार्गी म्हणाली. ती नऊ वर्षांची, तिला यात काहीच वावगं वाटलं नाही.

संग्राम पाटापासून मागे सरकला. तरी इंजिनिअर तो इंजिनिअर. त्यानं उजव्या पारड्यात एकेक वजन ठेवत नेलं. सव्वीस ग्रॅमवर काटा मध्ये आला. म्हणजे रिकाम्या पारड्यात सव्वीस ग्रॅम होते. आणखी बारीक वजनं मिळतात का म्हणून त्यानं पेटी उपडी केली, तेव्हा तळाचं मखमली कापड सुटलं आणि पितळेचं एक काडतूस त्याच्या पायाशी पडलं.

त्यानं वजनं काढली आणि त्या जागी काडतूस ठेवलं. काटा मध्येच राहिला.

काडतूस उलटं केलं. टोपीवर ठोका. गोळी मात्र जागेवर.

"न उडालेलं आहे," तो कसाबसा बोलला. "आणि आपल्या घरात आहे."

"आईंना विचार ना," मधुरा म्हणाली.

"फोनवर? काडतूस म्हणू मी फोनवर? कामाचा पास जाईल, नोकरी जाईल, मी आत जाईन. तू आणि गार्गी काय करणार?"

पोलिसांत द्यावं असं मधुरा दोनदा म्हणाली, पण त्याला काही ऐकूच येत नव्हतं. हॉकर सेंटरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत काडतूस गुंडाळून तो भुयारी रस्त्यानं ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेला. भर दुपारी धक्क्याच्या टोकाशी उभा राहिला, सायकलवाले पुढे जाईपर्यंत थांबला, आणि समुद्राकडे पाठ करून, खांद्यावरून मागे, पिशवी फेकून दिली. पाण्यात पडल्याचा आवाज ऐकायलाही तो थांबला नाही.

घरी आला तर ताजव्याची दोन्ही पारडी सारखी होती. त्याला इतकं हलकं वाटलं की तो सोफ्यावर बसून चक्क हसला. मग आईला फोन लावला.

"झाली पूजा?" आईनं विचारलं. "पेटीच्या तळाशी पाहिलंस का रे?"

त्याची नजर ताजव्याकडे गेली.

"घाबरला नाहीस ना? दारू नाही त्यात. त्यांच्या शेवटच्या बाराची पुंगळी ती. तुझ्या वाटणीची रक्षा भरलीय त्यात, त्यांच्याच ताजव्यात तोलून. गोळी मीच बसवली, पन्नास वर्षं बघत आले होते की. तुला यायला मिळालं नाही ना, बाळा. आता तिथल्या समुद्रात सोड, तुझ्या हातानं. सोडताना तोंडभरून आबा म्हणून हाक मार, म्हणजे त्यांना कळेल तूच आहेस."

फोन कानाला तसाच धरून संग्राम उठला आणि ताजव्यापाशी गेला. तेलाचा वास येत नव्हता. त्यानं डाव्या पारड्यावर बोट ठेवून ते खाली दाबलं.

"आबा," तो म्हणाला.

बोट काढलं तसं पारडं वर आलं.