पडेगावची सतरंजी परदेशात

मी एक जुनी सतरंजी आहे, निळ्या पट्ट्यांची. मित्रांनो, कोपऱ्यातल्या चहाच्या डागावर जाऊ नका. मी विमानात बसलेली आहे, म्हटलं!

पाचोडच्या कडुबानं मला मागावर विणलं आणि पडेगावच्या छोट्या चर्चमध्ये मी वीस वर्षं काढली. लोक दारात चपला काढत, माझ्यावर मांडी घालून भजनं म्हणत, मग माझ्यावरच प्रीतिभोजनाची पंगत बसे. लई सुखाचे दिवस! पुढं चर्चमध्ये खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथं माझी विचारपूस फक्त उंदरांनी केली.

अशात चर्चच्या मंडळीनं आपल्यातल्याच करुणाला मिशनरी म्हणून चेक प्रजासत्ताकात पाठवायचं ठरवलं. तिथं बहुतेक लोक देवाधर्माच्या भानगडीत पडतच नाहीत म्हणे. करुणा वृद्धाश्रमात नर्सचं काम करणार आणि रविवारी उपासना घेणार होती. चर्चमधल्या म्हाताऱ्या गोजरबाईंनी मला उन्हात झटकलं आणि तिच्या बॅगेतली पुस्तकं काढून मला कोंबलं. मला तर आनंदानं वेड लागायची पाळी आली!

पण तिथंही मी कपाटातच. करुणानं उपासनेसाठी आपल्या घरात वीस खुर्च्या मांडल्या. सात महिने त्या रिकाम्याच राहिल्या. शेवटी तिनं पडेगावला कळवलं, ईस्टरपर्यंत कुणी आलं नाही तर परत येते. माझा जीव टांगणीला लागला. ईस्टरच्या दिवशी फोनच्या पडद्यावर गोजरबाईंनी त्या खुर्च्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, सतरंजी कुठंय? जेवायला तरी बोलव की कुणाला."

करुणानं खुर्च्या भिंतीला लावल्या, मला अंथरलं आणि पिठल्याला मिरचीची फोडणी दिली. असा ठसका उठला, की वरच्या मजल्यावरच्या हानाबाई खोकत खोकत भांडायलाच आल्या! मला पाहून मात्र त्यांनी दारातच बूट काढले. तिकडंही घरात बूट घालत नाहीत, हे मला कुठं ठाऊक! करुणानं त्यांना वाढलं. त्या नको म्हणाल्या, तरी पुन्हा वाढलं. तिकडं नको म्हणजे नकोच असतं, पण आमच्या पोरीचा हात थांबतोय होय? हानाबाई आधी चिडल्या, मग हसल्या.

"मी देव मानत नाही," त्या म्हणाल्या.

"चालतंय. पिठलं घ्या," करुणा म्हणाली.

पडद्यावर गोजरबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या काय करतायत, असं हानाबाईंनी विचारलं. तुमच्यासाठी प्रार्थना करतायत, करुणानं सांगितलं.

पुढच्या रविवारी त्या आपणहून आल्या, शेजारणीला घेऊन! मी आनंदानं फुलून गेले. पण पडद्यावर गोजरबाई नव्हत्या. त्यांना ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेलं होतं. करुणाला प्रार्थना सुरू करता येईना. तेव्हा हानाबाईंनी माझ्यावर हात टेकले आणि डोळे मिटले.

"मला हे येत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती माझ्यासाठी बसली होती. तिचं नाव सांग."

करुणानं परतीचं तिकीट काढलंच नाही. गोजरबाई आता बऱ्या आहेत आणि दर रविवारी आधी एकच विचारतात, हानाबाई जेवल्या का?

मित्रांनो, सतरंजीला ऊन दाखवा, झटका, उसवली तर शिवा. पण जपायची म्हणून माळ्यावर टाकू नका. अंथरलेली असेल, तरच कुणी येऊन बसेल ना!