कंपनीच्या डब्यावरचा टाका

बाळापूर रोडवरच्या शफीच्या दुकानात गाडी उभी केली, की ती कापल्याशिवाय परत जात नाही, असं अकोल्यातले लोक गमतीनं म्हणत. शफीला ते ऐकून बरंच वाटायचं. तीस वर्षं त्यानं सायलेन्सर कापले, जोडले, सांधले. ट्रॅक्टरचे, जीपचे, वरातीत फटफटणाऱ्या बुलेटचे. त्यानं सांधलेला पाइप पुन्हा तुटलाच तर शेजारून तुटे, टाक्यावर कधी नाही. हे सगळं गाव मान्य करायचं. ज्यानं मान्य करावं म्हणून शफीचा जीव तुटायचा, तो त्याचा मुलगा तनवीर मात्र तोंडातून कौतुकाचा एक शब्द काढत नव्हता.

तनवीर नऊ वर्षं बापाच्या हाताखाली शिकला. मग एक दिवस म्हणाला, "अब्बा, हे काम आता खतम हाय. नव्या गाड्या कापत नाहीत, कॉम्प्युटरले जोडतात." शफीचं डोकं फिरलं. "मंग जा, कंपनीची हमाली कर," असं तो बोलून गेला. तनवीर खरंच गेला. अमरावतीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लागला, निखतशी लग्न करून तिथंच राहिला. ईदला यायचा, आईशी बोलायचा, शीरखुर्मा खाऊन जायचा. चार वर्षांत त्यानं दुकानाची पायरी चढली नव्हती.

अशात संघपाल आला. कृषी विद्यापीठात प्रयोगशाळेत नोकरीला, राहायला जठारपेठेत. टर्बो पेट्रोलची लालभडक गाडी घेतलेली, घराण्यातली पहिली चारचाकी. पळायला वाऱ्यासारखी, पण आवाज शिलाई मशीनचा.

"शफीचाचा, आवाज भारी पायजे," तो म्हणाला, "पण वॉरंटी जायले नाही पायजे. दोन वर्षं बाकी हाय."

"म्हंजे लगन बी करतो अन् कुवारा बी रायतो म्हण ना!"

दोघंही हसले. पण शफीनं त्याच दुपारी गाडीखाली अंग सरकवलं आणि तासभर सगळं नीट पाहून घेतलं. बाहेर आला तो गंभीर होऊन.

"ऐक भाऊ. इंजिनाजवळ जो जाळीचा डबा हाय ना, तो धूर साफ करते. त्याले हात लावला का वॉरंटी गेली. त्याच्याजवळच्या सेन्सरच्या वायरीकडे तं पायचंच नाही. राहिला सर्वात मांगचा सायलेन्सरचा डबा. तेवढाच बदलू. नटबोल्टवर निंगाला पायजे, नटबोल्टवर बसला पायजे. कापणं नाही, वेल्डिंग नाही."

तीस वर्षं कापणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून संघपालला मजा वाटली. शफीनं तीन डबे मागवले. पहिला चकचकीत, स्वस्त. पण त्याचे टांगायचे हूक भलतीकडेच, म्हणजे कापाकापी आली. दुसऱ्याला आवाज कमीजास्त करायची झडप होती, पण तिची वायर गाडीच्या वायरीत जोडावी लागे. तिसरा पुण्याकडचा, साध्या स्टीलचा, दिसायला गरीब. तो कंपनीच्याच जागेवर, कंपनीच्याच बोल्टवर अंगठीसारखा बसला. आवाज नियमात असल्याचा कागद सोबत. गाडी सुरू केली तेव्हा खोल, भरदार घुमारा निघाला आणि संघपालच्या चेहऱ्यावर दिवाळी उमटली.

"आता हा कंपनीचा डबा घरी नेऊन जपून ठेव," शफी म्हणाला. "कधी क्लेमची वेळ आली तं हाच चढवून गाडी न्यायची."

"घरी जागा कुठं हाय चाचा? तुमच्यापाशीच राहू द्या. फक्त त्याले हात नका लावू."

"जबान दिली."

डबा पाइपासकट पोत्यात गुंडाळला गेला, वर खडूनं नाव पडलं आणि तो भिंतीला लटकला. सहा महिने लटकला. शफीनं जबान पाळली. पण जित्याची खोड ती. एका शुक्रवारी नमाजहून आल्यावर तो धूळ झटकत होता, पोतं सरकलं आणि त्याचं बोट सवयीनं पाइपावर वाजलं. आवाज बसका आला. शफी थबकला. बोल्ट बसतात त्या जोडाच्या चकतीपाशी केसाएवढी चीर होती. कंपनीचाच टाका कच्चा राहिला होता.

आता तुम्ही आम्ही असतो तर म्हटलं असतं, राहू दे, आपल्याला काय करायचंय. पण शफीच्या उस्तादानं त्याला एक नेम घालून दिला होता, दुकानात आलेली वस्तू फुटकी परत पाठवायची नाही. पैसा मिळो न मिळो. त्या नेमावर दुकान चाललं होतं. विश्वासानं ठेवलेली वस्तू आपल्या भिंतीवर फुटकी लटकते आहे, ही गोष्ट त्याला दिवसभर टोचत राहिली. संध्याकाळी त्यानं चष्मा चढवला आणि टाका घातला. शेवटी हात अर्धं वळण मागे आणायची त्याची लकब होती, त्यामुळे त्याच्या टाक्याचं टोक आत वळलेलं असे. घासून सपाट केला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यानं घासायचं यंत्र हातात घेतलंही. पण टाका इतका देखणा उतरला होता, की त्याला ते करवलं नाही. संघपालला सांगायचंही राहिलं. केवढंसं काम, ते काय सांगायचं?

मार्च महिन्यात मूर्तिजापूरच्या पुढे संघपालच्या गाडीचा टर्बो बसला. शिट्टी, पांढरा धूर, आणि गाडी रस्त्याच्या कडेला. टोचन करून ती शफीच्या दुकानात आली. संघपालचा चेहरा उतरला होता. टर्बो बदलायचा म्हणजे त्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराचं काम.

"घाबरतो काहून?" शफी म्हणाला. "वॉरंटी कायच्यासाठी हाय? आपण एक बी चूक केली नाही."

त्यानं घाईघाईनं पुण्याचा डबा उतरवला, कंपनीचा चढवला. त्या कंपनीचं मोठं काम अमरावतीलाच व्हायचं, म्हणजे तनवीरच्या वर्कशॉपमध्ये. शफीही सोबत निघाला. संघपालला वाटलं, चाचा आपल्यासाठी येतात. आबेदाला, शफीच्या बायकोला, खरं काय ते ठाऊक होतं. तिनं मुलासाठी आंब्याचं लोणचं बांधून दिलं आणि नवऱ्याला बजावलं, की चार लोकांत पोरावर तोंड सोडू नका.

वर्कशॉप दवाखान्यासारखं स्वच्छ होतं. तनवीर निळ्या शर्टात होता, छातीवर नाव. त्यानं बापाला पाहून मान हलवली, "बसा अब्बा," म्हणाला आणि कामाला लागला. शफी बसला नाही. उचललेल्या गाडीखाली बॅटरी धरून फिरणारा आपला मुलगा तो पाहत राहिला. काय सराईत झाला होता! शफीला अभिमान वाटला, आणि तो कुणापाशी बोलावा हे कळेना.

मॅनेजरनं सगळीकडे नजर टाकली, फोटो काढले. "सगळं ओरिजिनल आहे. तनवीर, सही कर, क्लेम पाठवून देऊ."

संघपालनं सुटकेचा श्वास सोडला. तनवीरनं सहीसाठी कागद घेतला, एकदा शेवटची बॅटरी फिरवली, आणि ती जोडाच्या चकतीपाशी थांबली. तो जवळ गेला. टाक्यावरून त्यानं बोट फिरवलं, टोकाशी आणून थांबवलं. मग वळून बापाकडे पाहिलं.

शफीला तेव्हा तो न घासलेला टाका आठवला. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती अशी.

तनवीरनं हातातल्या सहीच्या कागदाकडे पाहिलं. काढलेले पार्ट आणि फोटो कंपनीकडे तपासायला जात. मागल्या वर्षी अशीच डोळेझाक केली म्हणून त्याच्या शेजारच्या टेक्निशियनला घरी बसवलं होतं. निखतला सातवा महिना होता.

"सर," तो म्हणाला, "याले बाहेरची वेल्डिंग हाय."

मॅनेजरनं वाकून पाहिलं. "कुठं? मला तर फॅक्टरीचीच वाटते."

"फॅक्टरीची इतकी चांगली नसते, सर." तनवीरनं टाक्याच्या टोकावर पुन्हा बोट टेकवलं. "हा माह्या अब्बाचा हात हाय."

मॅनेजरनं कागद परत घेतला. एक्झॉस्टला बाहेर काम झालंय म्हटल्यावर टर्बोचा क्लेम पास होत नाही, तो म्हणाला. संघपालनं विचारलं, मागच्या पाइपाचा टर्बोशी संबंध काय? मॅनेजरलाही तो सांगता येईना, पण फॉर्मवर तसा रकाना होता. "चीर तशीच ठेवली असती, तर तो पाइपसुद्धा आम्ही फुकट बदलून दिला असता," तो हळहळून म्हणाला.

संघपाल शफीकडे वळला. तो चिडला असता तर शफीला सोसलं असतं.

"चाचा, तुमी हात लावला होता त्याले?"

"हो."

"मी म्हटलं होतं ना तुमाले?"

"म्हटलं होतं भाऊ. चीर दिसली, राहवलं नाही." शफीनं त्याचा दंड धरला. "टर्बो मी खोलतो. माह्या हातानं नीट करून देतो, एक पैसा नको."

संघपालनं आपला दंड हळूच सोडवून घेतला.

"नाही चाचा. आता नका लावू हात."

तनवीर बापाला बस स्टँडवर सोडायला आला. स्कूटर उभी करून म्हणाला, "मले खोटं बोलता आलं असतं, अब्बा."

"नाही," शफी म्हणाला, "तुले नसतं आलं. तू तो टाका पाहून चूप कसा राहशीन? मी नसतो राहिलो."

तनवीरनं खाली वाकून बापाचे दोन्ही हात धरले. बराच वेळ धरून ठेवले. तेवढ्यात अकोल्याची गाडी लागली.

दिवेलागणीला शफी घरी पोचला. आबेदा दारातच उभी होती. गाडीचं काय झालं हे तिनं विचारलंच नाही. पोरगा काय बोलला, एवढंच विचारलं.

"म्हणला," शफी म्हणाला, "फॅक्टरीत बी इतकं चांगलं काम होत नाही, जितकं अब्बाचं होते. साहेबासमोर म्हणला."

आबेदाचे डोळे भरून आले. चार वर्षांनी का होईना, अल्लानं ऐकलं, असं म्हणत तिनं पदर डोळ्यांना लावला. तिला किती आनंद झाला होता! शफीला तिच्याकडे पाहवेना. तो मोरीत गेला, नळ मोठा सोडला आणि हात धूत उभा राहिला, रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.